चूक कळवायची की नाही, नव्या सिस्टरसाठी

अगं, औषध देताना चूक झाली तर ती कळवायचा फॉर्म भरू की नको हा विचार नंतर. आधी पेशंट बघ, डॉक्टरांना फोन कर. उदाहरण घे. इन्सुलिनची व्हायल शंभरची (एका मिलीत १०० युनिट) आणि हाताशी आली लाल टोपणाची चाळीसची सिरिंज (एका मिलीला ४० युनिटच्या खुणा). १० च्या खुणेपर्यंत भरलंस तर पेशंटला गेली २५ युनिट! लगेच शुगर तपास आणि पुढचे काही तास तपासत राहा. 'बरा दिसतोय ना' म्हणून गप्प बसलीस तर साखर कधी उतरली ते कुणालाच कळणार नाही.

पेशंटला काही झालं नाही तरी कळव. देण्याआधी लक्षात आलं तरीही कळव. दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये ठेवल्या जातात हे वरच्यांना कळणार कसं?

भीती वाटते, ती खोटी नाही. अमेरिकेत राडोंडा वॉट या नर्सने २०१७ साली मिडाझोलॅम या गुंगीच्या औषधाऐवजी व्हेक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं औषध, दिलं, पेशंट दगावली. तिने चूक लगेच सांगितली, तरी २०२२ मध्ये कोर्टाने तिला दोषी ठरवलं. मला ते फार लागलं. अशा निकालाने नर्सेस गप्प होतात. तरीही लपवलेलं उघडं पडलं तर तुझी बाजू घ्यायला कुणी उरत नाही.

लिहिताना वेळ, औषध, डोस, काय केलं एवढंच लिही. कुणावर ढकलू नकोस, माफीनामाही नको. केसपेपरवर खाडाखोड तर अजिबात नको. इन्चार्ज सिस्टर 'राहू दे गं' म्हणाल्या तर मेट्रनकडे लेखी दे.