मिठापेक्षा मॅग्नेशियम ऑक्साइड इतक्या जास्त तापमानाला का वितळते?

मुख्य कारण आयनांवरचा, म्हणजे विद्युतभारित अणूंवरचा, प्रभार: मिठात तो +१ आणि −१ असतो, मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये +२ आणि −२. कूलोमच्या नियमानुसार आकर्षण प्रभारांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अंतर तेच धरले तरी ओढ चौपट. त्यात अंतरही कमी आहे. मिठात शेजारच्या दोन आयनांच्या केंद्रांमध्ये सुमारे २८२ पिकोमीटर असतात, इथे सुमारे २१०. दोन्हींच्या स्फटिकांची रचना मात्र एकच, प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा आयन. म्हणून तर ही तुलना इतकी स्वच्छ होते. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, मॅग्नेशियम ऑक्साइड सुमारे २८५० ला. भट्ट्यांना आतून लावायच्या विटा त्याच्या करतात ते यामुळेच. पण ‘प्रभार जास्त म्हणजे द्रवणांक जास्त’ असा सरसकट नियम करू नका. ॲल्युमिनियमचा प्रभार आपण +३ मोजतो, तरी ॲल्युमिनियम क्लोराइडची १८० अंशांच्या आसपासच घनरूपातून थेट वाफ होते. तो लहानसा आयन क्लोराइडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके खेचतो की बंध बराचसा सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, होतो आणि आयनांच्या ओढीचा वरचा हिशेब तिथे लागू पडत नाही.