म्युनिक की रेडिंग? मुलांना घरीच शिकवायचं असेल तर आधी देश ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीने जर्मनीतलं म्युनिक आणि इंग्लंडमधलं रेडिंग असे दोन पर्याय दिलेत, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, आणि पुण्यात सुरू केलेलं घरचं शिक्षण तिकडेही चालू ठेवायचं आहे. तसं असेल तर म्युनिक यादीतून काढा, आणि ते ऑफर लेटरवर सही करण्याआधी.

जर्मनीत सक्ती नुसत्या शिक्षणाची नाही, शाळेत प्रत्यक्ष हजर राहण्याची आहे. तिकडे तिला 'शूलप्फ्लिख्त' म्हणतात आणि तिथे राहायला आलेल्या परदेशी कुटुंबांनाही ती लागू होते. तुमची मुलगी पहिल्या दिवसापासून त्यात येते. पालक स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ व २०१९ या दोन्ही निकालांत हरले. दुसऱ्या प्रकरणात तर २०१३ मध्ये मुलांना काही आठवडे घराबाहेर ठेवलं गेलं होतं. 'आपण गुपचूप करू' हा विचार तिथे कृपया करू नका. मुलांच्या वाट्याला भीती येते.

इंग्लंडचं चित्र वेगळं आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्याचं कलम ७ सांगतं की मुलाला त्याच्या वयाला, कुवतीला आणि गरजेला साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळवून देणं हे पालकाचं कर्तव्य, शाळेत पाठवून किंवा अन्य मार्गाने. त्या 'अन्य मार्गाने'वर सगळं उभं आहे. परवानगी लागत नाही, राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळावा लागत नाही, शाळेतल्या सरकारी चाचण्या द्याव्या लागत नाहीत. हे इंग्लंडबद्दल सांगतोय. स्कॉटलंडमध्ये सरकारी शाळेतून मूल काढताना कौन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, संमती लागते.

सक्तीचं वय पाचव्या वाढदिवसालाच सुरू होत नाही. ३१ ऑगस्ट, ३१ डिसेंबर आणि ३१ मार्च अशा तीन तारखा ठरलेल्या आहेत. पाच पूर्ण झाल्यावर यातली जी पहिली येईल तिच्यानंतरच्या सत्रापासून सक्ती. मुलगा नोव्हेंबरात पाचचा झाला तर जानेवारी, एप्रिलच्या शेवटी झाला तर सप्टेंबर. त्याआधी त्याला नर्सरीचे आठवड्याला १५ तास, वर्षाचे ३८ आठवडे मोफत मिळू शकतात. हे तास जरूर घ्या. घरच्या शिक्षणाला त्याने बाध येत नाही आणि इंग्रजी बोलणारे सवंगडी मिळतात.

मुलगी इंग्लंडमधल्या कुठल्याच शाळेच्या पटावर नसेल तर नाव काढण्याचा प्रश्नच नाही. घोळ होतो तो 'आधी सहा महिने शाळेत घालून बघू' म्हणणाऱ्यांचा. नंतर मन बदललं की ते मुलाला पाठवायचं नुसतं बंद करतात. मग गैरहजेरी लागत जाते आणि दंडाची नोटीस येते: ऑगस्ट २०२४ पासून २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड, नाहीतर २८ दिवसांच्या आत १६० पौंड, तेही दर मुलामागे आणि दर पालकामागे. साधी शाळा असेल तर मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र पुरतं: 'अमुक तारखेपासून आमच्या मुलीचं शिक्षण शाळेऐवजी घरी होईल. तिचं नाव पटावरून काढावं.' विनंतीचा सूर नको, कारणांची जंत्री नको. पत्र पोचल्याची पोच घ्या आणि मगच पाठवणं थांबवा. विशेष शाळेत कौन्सिलने घातलेलं मूल असेल तर मात्र कौन्सिलची संमती लागते.

पट सोडला की जागा गेली, हेही ध्यानात ठेवा. ती राखून ठेवत नाहीत. रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली, दुसरी या वर्गांत एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे वर्षाच्या मध्ये परत जायचं म्हटलं तर कोपऱ्यावरच्या शाळेऐवजी दोन बस बदलून जावं लागेल अशी शाळा पदरात पडू शकते. मुलाच्या रिसेप्शनसाठी १५ जानेवारीपर्यंत अर्ज करून ठेवा. १६ एप्रिलच्या सुमाराला जागा कळते, तेव्हा नाही म्हणता येतं.

कौन्सिलकडून चौकशीचं पत्र येईल. घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. घरी येऊ देण्याची सक्ती नाही, पण उत्तरच दिलं नाही तर शिक्षण होत नाही असा अर्थ कौन्सिल काढू शकतं आणि प्रकरण शाळा-हजेरीच्या आदेशाकडे, म्हणजे मुलाला शाळेत घालाच अशा हुकमाकडे, जातं. दोन पानी लेखी अहवाल पाठवा: काय शिकवता, कशातून, मूल तीन महिन्यांपूर्वी कुठे होतं आणि आज कुठे आहे, इतर मुलांना कधी भेटतं. 'रोज गणित करतो' याला वजन नाही. 'सप्टेंबरात वीसपर्यंतची बेरीज, आता शंभरपर्यंत हातचा घेऊन' याला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत आलेल्या 'चिल्ड्रन्स वेलबीइंग अँड स्कूल्स' विधेयकात शाळेबाहेरच्या मुलांच्या सक्तीच्या नोंदणीची तरतूद होती. निघण्याआधी तुमच्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्याची ताजी स्थिती पाहा.

दोन-तीन मराठी कुटुंबांनी मिळून एक बाई ठेवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. आठवड्यातून दोन सकाळी जमा, काही हरकत नाही. पण सक्तीच्या वयाची पाच किंवा जास्त मुलं एका ठिकाणी पूर्णवेळ शिकू लागली की कायद्याच्या लेखी ती शाळा होते आणि नोंदणीशिवाय चालवणं गुन्हा ठरतो.

आता शिकवण्याबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांत नेमकं तिथेच अडतं. इंग्लंडमध्ये वाचन 'फोनिक्स'ने शिकवतात, म्हणजे अक्षराचं नाव न शिकवता आवाज शिकवतात. आपण 'बी फॉर बॅट'वाले, आणि त्यातून आपल्या व्यंजनात 'अ' मुरलेला. मूल बी-ए-टी असे आवाज जोडायला जातं तेव्हा 'ब', 'ॲ', 'ट' म्हणतं आणि त्यातून 'बॲट' असं काहीतरी तयार होतं. 'बॅट' होत नाही. व्यंजनाचा पाय मोडायला शिकवा: ब्, ॲ, ट्. मुलीला बाराखडी येत असेल तर हे दहा मिनिटांत कळतं, कारण हलन्त तिच्या ओळखीचा आहे. दुसरी अडचण व्ही आणि डब्ल्यूची. दोन्हीला आपण 'व' म्हणतो. आरशासमोर बसवा: व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू आणि दात कुठेच नाहीत.

मराठी सोडू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, आणि रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन पुरतं.

पैशाचं गणित मात्र कडक आहे. डिपेंडंट व्हिसावर जोडीदाराला नोकरी करता येते, आणि घरी शिकवायचं म्हणजे तीच सोडायची. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसाधारकांनी भरायची रक्कम, फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड. चौघांचे वर्षाला ३,६२२, तीन वर्षांचे १०,८६६ पौंड, आणि तेही व्हिसाच्या अर्जासोबत एकरकमी. हा भार कंपनी उचलणार का, हे आजच विचारा. रिसेप्शन ते दुसरीपर्यंत शाळेत मिळणारं मोफत जेवण तुम्हाला मिळणार नाही, शाळेत टोचली जाणारी लस स्वतः वेळ घेऊन द्यावी लागेल. लंडनची नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि ब्रिटिश म्युझियम मोफत आहेत आणि सत्र चालू असताना मंगळवारी सकाळी बऱ्यापैकी मोकळी असतात. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो, म्हणून बाहेरचं सगळं दुपारी दोनच्या आत उरका.

परतायचं ठरलं तर भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. तरी कौन्सिलशी झालेला पत्रव्यवहार आणि त्यांना पाठवलेले अहवाल एका फाइलमध्ये तारखेनुसार ठेवा. प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला मागतील आणि तो तुमच्याकडे नसेल.