इंडोनेशियातल्या खेड्यात शेतजमीन कोणाच्या मालकीची असते?

सरसकट उत्तर देता येणार नाही, कारण बेटागणिक रीत बदलते. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं सांगतो. कट्टर मुसलमान, पण वडिलोपार्जित भातखाचरं आणि घर आईकडून लेकीकडे जातं. (खरं तर मातोपार्जित म्हणायला हवं!) कारभार मामा बघतो, पण मालक तोही नाही. जमीन अख्ख्या मातृकुळाची. नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला येतो, तिच्या शेतात राबतो आणि आपल्या भाच्यांच्या जमिनीवरही लक्ष ठेवतो. तरुण पोरं बहुधा पोटापाण्यासाठी बाहेर पडतात. स्वतः कमावलेली मालमत्ता मात्र इस्लामी वारसा नियमांप्रमाणे मुलांना मिळते.

कुळाची जमीन विकायची नाही, हा दंडक. फारच अडलं तर गहाण टाकता येते, तीही रुढीने चारच कारणांसाठी: घरात मयत पडली, लग्नाची पोर बसून राहिली, घर मोडकळीला आलं किंवा कुळप्रमुखाचा पदग्रहण सोहळा करायचाय. रक्कम पुष्कळदा सोन्याच्या वजनात ठरते. ती फिटेपर्यंत सावकारच खाचर कसतो आणि भात नेतो. पीक कितीही नेलं तरी मुद्दल जिथल्या तिथे. 1960 च्या कायद्याप्रमाणे सात वर्षांनी अशी जमीन फुकट परत द्यायला हवी. गावात तो फारसा कोणी मनावर घेत नाही. फुकट जमीन परत मागणंच लोकांना लाजिरवाणं वाटतं.