ब्राउझरमधल्या ‘सुरक्षा’ एक्स्टेन्शनवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर बँक, जीएसटी आणि ई-वे बिल चालतं. विंडोज नव्याने टाकून देताना दुरुस्तीवाल्याने क्रोममध्ये ‘सेफ ब्राउझिंग’वालं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवून दिलं. आता गूगलवर काही शोधलं की प्रत्येक निकालाशेजारी हिरवा नाहीतर लाल ठिपका दिसतो. ते ठेवावं का, आणि अशांवर विश्वास ठेवायचा तर काय पाहून?

काढून टाका, आणि आजच काढा. ते वाईटच आहे असा माझा दावा नाही, मी ते पाहिलेलं नाही. पण ज्या मशीनवरून कामगारांचा पगार आणि सूतवाल्यांचं पेमेंट जातं, तिथे कशालाही जागा द्यायची तर ‘त्रास तर काही देत नाही ना’ एवढ्यावर भागत नाही. मी सोलापुरातल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. चाटी गल्लीतल्या पेढ्या, नवी पेठेतली दुकानं, पूर्व भागातले कारखाने. व्हायरसपेक्षा मला या एक्स्टेन्शनांची जास्त काळजी वाटते. व्हायरसला लोक निदान घाबरतात तरी.

क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या यादीत जा आणि त्याचे तपशील उघडा. परवानग्यांमध्ये बहुधा असं वाक्य सापडेल की हे सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू शकतं आणि बदलू शकतं. ते वाक्य शब्दशः घ्या. एचटीटीपीएस, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला दिसणारं सुरक्षित कनेक्शन, राखण करतं ती तुमच्या ब्राउझरपासून बँकेपर्यंतच्या वाटेवर. एक्स्टेन्शन त्या वाटेवर नसतंच. ते पानाच्या आत बसतं, जिथे सगळा मजकूर उलगडून तुमच्यासमोर मांडलेला असतो. तुम्ही टाइप करता तो पासवर्ड, खात्यातली शिल्लक, समोरच्याचा खाते क्रमांक, सगळं त्याच्या टप्प्यात येतं. ‘बदलू शकतं’ म्हणजे पडद्यावरचा आकडाही बदलू शकतं. फसवी साइट ओळखायची तर पान वाचावंच लागेल, असं बनवणारे सांगतात, आणि ते खरं आहे. पण पासवर्ड चोरायलाही नेमकी हीच परवानगी लागते. राखणदाराला आणि चोराला एकच परवाना लागत असेल तर परवाना पाहून काही कळत नाही, माणूस पाहावा लागतो.

ठिपक्यांचंच घ्या. वेब ऑफ ट्रस्ट नावाचं एक्स्टेन्शन हेच काम करायचं: कोणती साइट भरवशाची, कोणती नाही, ते रंगीत गोलाने दाखवायचं. नावातच विश्वास. 2016च्या नोव्हेंबरात एनडीआर या जर्मन प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी दाखवून दिलं की हे एक्स्टेन्शन लोकांनी पाहिलेल्या पानांची नोंद ठेवत होतं आणि ती पुढे विकली जात होती. माहितीतून नावं काढलेली आहेत, असा दावा होता. पण पानांच्या पत्त्यांवरूनच पत्रकारांनी खरी माणसं ओळखून काढली, त्यात राजकारणी होते, न्यायाधीश होते. मग ते फायरफॉक्स आणि क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या दुकानांतून (स्टोअरमधून) हटलं, आणि पुढे बदल करून परत आलं.

बरं, ती छोटी कंपनी होती म्हणाल तर अवास्ट छोटी नव्हती. अँटीव्हायरसमधलं जगभर माहीत असलेलं नाव. त्यांचं ऑनलाइन सिक्युरिटी हे एक्स्टेन्शन गरजेपेक्षा कितीतरी जास्त माहिती कंपनीकडे पाठवतं, हे 2019च्या ऑक्टोबरात व्लादिमीर पालांट यांनी तपासून लिहिलं. अ‍ॅडब्लॉक प्लस या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचे मूळ कर्ते तेच. डिसेंबरमध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ते आपल्या दुकानातून काढलं. पुढच्या महिन्यात पत्रकारांनी बाहेर काढलं की जम्पशॉट या अवास्टच्याच उपकंपनीतून ही ब्राउझिंगची माहिती मोठमोठ्या कंपन्यांना विकली जात होती. जम्पशॉट बंद झाली. 2024च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला 1.65 कोटी डॉलर भरायला लावले आणि ब्राउझिंगची माहिती जाहिरातीसाठी विकायला बंदी घातली. कमिशनचा मुख्य आक्षेप असा की ट्रॅकिंगपासून वाचवतो असं सांगून ग्राहक घेतले आणि त्यांचंच ट्रॅकिंग विकलं.

म्हणून पहिला प्रश्न हा, की हे चालवणाऱ्याचं पोट कशावर भरतं? उत्तर स्वच्छ मिळालं पाहिजे: वर्गणी, देणग्या, किंवा ज्याचा धंदाच दुसरा आहे अशी कंपनी. लाखो लोक उघडतात त्या पानांचे पत्ते रोज तपासायचे तर सर्व्हरचा खर्च कोणीतरी भरतोच. कोण भरतो ते कुठेच लिहिलेलं नसेल, तर माझ्या हिशेबात ते एक्स्टेन्शन तिथेच बाद.

पानाचा पत्ता गेला तर गेला, त्यात काय एवढं, असं बऱ्याच जणांना वाटतं. नवी पेठेतल्या एका कापड दुकानात मालक मला हेच म्हणाले, वर “नाव तर सिक्युरिटीच आहे की ओ त्याचं.” मग मी त्यांच्यासमोर एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला, त्या एक्स्टेन्शनच्या ‘सर्व्हिस वर्कर’वर (पडद्यामागे चालणाऱ्या त्याच्या भागावर) क्लिक केलं आणि काय बाहेर जातं ते दाखवणारा नेटवर्कचा टॅब उघडा ठेवला. आता तुम्ही नेहमीसारखं काम करा, म्हटलं. त्यांनी प्रत्येक पान उघडलं की खाली एक ओळ पडायची: पानाचा अख्खा पत्ता, प्रश्नचिन्हाच्या पुढच्या मजकुरासकट, कुठल्यातरी सर्व्हरकडे रवाना. त्यात त्यांच्या दरपत्रकाच्या गूगल शीटची लिंक होती. ‘लिंक असेल त्याला उघडेल’ अशी ठेवलेली, कारण पुण्या-हैदराबादचे व्यापारी तीच पाहतात. अशा शीटचा पत्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती दरपत्रक. मालक काही बोलले नाहीत, माऊस माझ्याकडे सरकवला. 2019च्या जुलैत सॅम जदाली या संशोधकाने ‘डेटास्पाय’ नावाने हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर उघड केला होता. मोजक्या आठ एक्स्टेन्शनांमधून गोळा झालेल्या पत्त्यांवरून लोकांची बिलं आणि खाजगी कागदपत्रं विकत घेणाऱ्यासमोर उघडी पडत होती.

ही तपासणी तुम्हीही करू शकता, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. आज काही जात नाही याचा अर्थ उद्या जाणार नाही असा होत नाही. मला या सगळ्यात सर्वांत अवघड वाटणारी बाब हीच. एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं. अपडेटमध्ये नवी मोठी परवानगी मागितली तर क्रोम ते थांबवून तुम्हाला विचारतं. पण सगळ्या साइट वाचण्याची परवानगी पहिल्याच दिवशी दिलेली असेल तर विचारायला काही उरतच नाही. नॅनो डिफेंडर हे जाहिराती अडवणाऱ्यांच्या मदतीचं एक्स्टेन्शन चांगलं चाललेलं होतं, कोडही उघडा होता, म्हणजे कोणालाही वाचता येईल असा. 2020च्या ऑक्टोबरात कर्त्याने ते विकलं. नव्या मालकांनी टाकलेल्या आवृत्तीत माहिती बाहेर पाठवणारा भाग होता, आणि तो उघड्या ठेवलेल्या कोडमध्ये नव्हता. यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचे कर्ते रेमंड हिल यांनी ते पकडलं. कोड उघडा आहे हे चांगलंच, पण दुकानातून तुमच्याकडे उतरतं ते तेच असेल याची हमी त्यात नसते.

मालक प्रामाणिक असला आणि बदलला नाही तरी खातं चोरीला जातं. सायबरहेवन ही कंपनी माहितीची गळती थांबवण्याचंच काम करते. 2024च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्या एका कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावाने बनावट मेल आला, तुमचं एक्स्टेन्शन नियम मोडतंय म्हणून. त्याने मेलमधून मागितलेली परवानगी दिली आणि दुसऱ्या दिवशी सुमारे चार लाख लोकांच्या एक्स्टेन्शनमध्ये चोरट्यांची आवृत्ती जाऊ लागली. त्याच टोळीने इतरही बरीच एक्स्टेन्शनं बाधित केल्याचं नंतर दिसलं. इथे ग्राहकांनी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. म्हणून मी एक्स्टेन्शनांची संख्या कमी ठेवण्यावर इतका भर देतो. तारे आणि लाखांचे आकडे मी जवळजवळ पाहतच नाही. 2017मध्ये अ‍ॅडब्लॉक प्लसच्या नावाची नक्कल क्रोमच्या दुकानात बसली होती आणि हजारोंनी ती उतरवून घेतली होती. फायरफॉक्समधल्या ‘रेकमेंडेड’ खुणेला मात्र मी वजन देतो, कारण त्या यादीतल्या एक्स्टेन्शनांचं माणसं परीक्षण करतात.

ते काढल्यावर संरक्षण कमी होईल का? तुमच्या बाबतीत जवळजवळ नाही. फसव्या साइटचा लाल इशारा देणारी यंत्रणा क्रोममध्ये आधीच आहे, फायरफॉक्सही गूगलच्याच याद्या वापरतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती अख्खा पत्ता न पाठवता त्याच्यापासून बनवलेल्या सांकेतिक तुकड्यावर काम करते. त्याच सेटिंगमध्ये ‘एनहान्स्ड’ (वाढीव संरक्षण) निवडलं तर गूगलला जास्त माहिती जाते, ते समजून निवडा. एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर हे साइट शक्य तिथे एचटीटीपीएसवर उघडणारं, ईएफएफ या संस्थेचं नावाजलेलं एक्स्टेन्शन 2010पासून होतं. ब्राउझरमध्येच ती सोय आल्यावर 2023च्या जानेवारीत त्यांनी ते स्वतःहून बंद केलं. काम संपलं म्हणून दुकान बंद करणाऱ्यांविषयी मला फार आदर आहे.

मी स्वतः लोकांना दोनच देतो. एक पासवर्ड सांभाळणारं, कारण ते पत्ता जुळल्याशिवाय पासवर्ड भरत नाही. बँकेसारखी दिसणारी नकली साइट माणसाला फसवेल, त्याला इतक्या सहज नाही. दुसरं यूब्लॉक ओरिजिन, फायरफॉक्सवर. क्रोमने नव्या नियमांमुळे जुनी आवृत्ती बंद केली, तिथे त्याचंच ‘लाइट’ आहे. ‘ओरिजिन’ हा शब्द नसलेलं यूब्लॉक वेगळ्या लोकांच्या हातात आहे, ते घेऊ नका.

तुमच्या ऑफिससाठी सगळ्यात उपयोगाची गोष्ट पैसे न लागणारी आहे. क्रोममध्ये बँक आणि जीएसटीसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात एकही एक्स्टेन्शन टाकू नका. बाकी यूट्यूब, मेल, रेल्वेचं तिकीट दुसऱ्या प्रोफाइलमध्ये. एका प्रोफाइलमधलं एक्स्टेन्शन दुसऱ्यात डोकावत नाही. आणि त्या कॉम्प्युटरवर घरातल्या कोणी स्वतःचं जीमेल घालून सिंक चालू केलंय का तेही बघा. पूर्व भागातल्या एका कारखान्यात गेम आणि व्हिडिओ डाउनलोडची एक्स्टेन्शनं आली कुठून ते कळेना. मालकांच्या मुलाने सुट्टीत लॉगिन केलं होतं, त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरची सगळी इथे उतरली होती.

काढल्यावर कोऱ्या प्रोफाइलमधून आधी मेलचा पासवर्ड बदला, मग बँक, मग जीएसटी, आणि मेलमधून ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. चोरलेलं लॉगिन पासवर्डशिवायही चालू राहू शकतं, म्हणून हे शेवटचं सोडू नका. काढण्याचं बटणच दिसत नसेल आणि ‘तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बसवलं आहे’ अशा अर्थाचा मजकूर येत असेल, तर ते पॉलिसी, म्हणजे कॉम्प्युटरवर लादलेला सक्तीचा नियम, घालून पक्कं केलेलं आहे. मोठ्या कंपन्यांत ही रीतच असते, पण तुमच्या कारखान्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तुम्हीच आहात. दुरुस्तीवाल्याला बोलावून ती पॉलिसी तुमच्यासमोर काढायला सांगा, आणि का घातली होती तेही विचारा. नीट उत्तर नाही आलं तर विंडोज दुसऱ्याकडून पुन्हा टाकून घ्या.