बोगदा, भुयार की सुरुंग? मुंबईच्या मेट्रो-3 च्या निमित्ताने

प्रश्न संगमेश्वरच्या एका शिक्षकांचा आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलांनी मुंबईच्या मेट्रो-3 वर मजकूर लिहिला. एकाने ‘कुलाबा ते आरे बोगदा’ लिहिलं, दुसऱ्याने ‘भुयार’, तर तिसऱ्याने टीव्हीवर ऐकून ‘सुरंग’. यातलं बरोबर कोणतं? आणि कोकण रेल्वेला इतके बोगदे असताना तिला कुणी भुयारी रेल्वे का म्हणत नाही?

दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं उत्तर दडलेलं आहे, म्हणून तो आधी घेऊ.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा मार्ग सुमारे 740 किलोमीटरचा आहे. त्यावर 91 बोगदे आहेत आणि त्यांची लांबी एकत्र केली तर ती 84 किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे नऊ भागांतला एक भाग डोंगराच्या पोटातून आणि उरलेले आठ भाग उघड्यावर. तुमच्या शेजारचा, उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. 2013 मध्ये काश्मीरचा पीर पंजाल सुरू होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच होता. तरीही गाडी त्यात शिरते ती पुन्हा बाहेर पडण्यासाठीच. आपण बोलतोही तसंच: बोगदा ‘लागतो’, गाडी त्यात ‘शिरते’, त्यातून ‘बाहेर पडते’. मालवणीत ‘बोगदो इलो’ म्हणतात. बोगदा ही वाटेत येणारी गोष्ट आहे.

बोगद्याला दोन तोंडं लागतात. डोंगर किंवा टेकडी अशी आडवी आलेली वस्तू लागते आणि ती आरपार भेदलेली असावी लागते. म्हणूनच बोगदा त्या डोंगराचं, घाटाचं किंवा जवळच्या गावाचं नाव घेतो: मुंब्र्याकडे 1916 पासूनचा पारसिकचा बोगदा, मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेड यांच्यामधला कशेडीचा बोगदा, गोव्यातला पेडण्याचा बोगदा. बोगदा जमिनीच्या पातळीखाली असलाच पाहिजे असंही नाही. कशेडीचा रस्ता बोगद्यात शिरताना खाली उतरत नाही. तो सरळ जातो आणि डोंगर त्याच्या डोक्यावर येतो. कोकण रेल्वेतल्या प्रवाशाच्या बाबतीतही तेच. तो जमिनीखाली गेलेला नसतो, डोंगराआड गेलेला असतो.

भुयाराचं तसं नाही. त्या शब्दातच भुई आहे. भुयारात ‘उतरायचं’ असतं आणि ते दुसऱ्या टोकाला कुठे निघालंच पाहिजे अशी अट नसते. देवळातलं भुयार म्हणजे बहुधा गाभाऱ्याखालची किंवा सभामंडपाखालची खोली. किल्ल्यावरचं भुयार म्हणजे तटाच्या आतून निघालेली चोरवाट. मराठीत भुयार खोली आणि वाट या दोन्ही अर्थांनी चालतं, आणि भूमिगत शहरी रेल्वेसाठी हा दुहेरी अर्थ फार सोयीचा ठरतो. कारण अशा रेल्वेत फक्त वाट नसते. फलाट, तिकीटघर, जिने, हवा खेळवणारे पंखे, वीज उपकेंद्र असं सगळंच खाली असतं.

आता मेट्रो-3 कडे. कफ परेडहून निघणारी ही मार्गिका विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड करत महालक्ष्मी, वरळी, दादर, धारावीकडे जाते. पुढे मिठी नदीखालून वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळाची दोन्ही टर्मिनल, मरोळ नाका, सीप्झ आणि शेवटी आरे. एकूण 33.5 किलोमीटर आणि 27 स्थानकं. त्यांतली 26 जमिनीखाली आणि आरे हे एकच जमिनीवर. मार्ग तीन टप्प्यांत खुला झाला: आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ऑक्टोबर 2024 मध्ये, तिथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत मे 2025 मध्ये आणि उरलेला कफ परेडपर्यंतचा भाग ऑक्टोबर 2025 मध्ये.

या मार्गाची दोन टोकं नीट पाहिली की शब्दाचा गुंता बराचसा सुटतो. सीप्झच्या पुढे गाडी उतारावरून चढून आरेला उजेडात येते. ते झालं एक तोंड. दुसऱ्या बाजूला कफ परेडनंतर मार्ग जमिनीखालीच संपतो. म्हणजे अख्ख्या मार्गिकेला तोंड एकच. मराठी कानाला ती बोगदा वाटत नाही, भुयार वाटतं, याचं कारण हे. कुणी बसून तसं ठरवलं नाही, भाषेने वस्तूचा आकार अचूक टिपला एवढंच. ‘कुलाबा ते आरे बोगदा’ लिहिणाऱ्या मुलाचं वाक्य इथे अडतं.

पण त्याच्या हातातला शब्द चुकीचा नाही, फक्त जागा चुकली आहे. मार्गिका भुयारी असली तरी ती बनली आहे बोगद्यांची. बहुतेक ठिकाणी स्थानकाचा खड्डा आधी वरून खणतात. त्याच्या चारही बाजूंना काँक्रीटच्या खांबांची सलग भिंत उभी करतात, रस्ता सुरू राहावा म्हणून वर तात्पुरतं पोलादी छत टाकतात आणि खाली खोदत जातात. आत स्थानक बांधून झालं की वर भराव घालून रस्ता पूर्ववत करतात. हे काम वरून उघडून पुन्हा झाकण्याचं आहे, त्यामुळे स्थानकाच्या त्या काँक्रीटच्या पेटीला बोगदा म्हणता येत नाही. मग एका स्थानकाच्या खड्ड्यात बोगदा खणणारं यंत्र, म्हणजे टीबीएम, सुट्या भागांत उतरवून जोडतात आणि ते पुढच्या स्थानकाच्या दिशेने सोडतात. तोंडाशी फिरणारं चाक खडक कुरतडतं, निघालेला राडा पट्ट्यावरून किंवा डब्यांतून मागे जातो आणि यंत्राच्या पाठोपाठ काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून कड्यावर कडं बसत जातं. कडं आणि खडक यांच्यात फट उरते. ती सिमेंटच्या पातळ मिश्रणाने लगेच भरावी लागते. हयगय झाली तर वरची जमीन बसते, आणि काळबादेवी-गिरगावसारख्या ठिकाणी वर जुन्या चाळी असतात. यंत्र पलीकडच्या स्थानकाची भिंत फोडून बाहेर आलं की एक बोगदा आरपार झाला. याला दोन तोंडं आहेत आणि भेदायला मधला खडकही आहे, म्हणून इथे ‘बोगदा’ हाच शब्द शोभतो. मेट्रो-3 वर अशी 17 यंत्रं लावली होती. पहिलं यंत्र सप्टेंबर 2018 मध्ये आरपार निघालं आणि 42 वा, शेवटचा बोगदा नोव्हेंबर 2022 मध्ये पुरा झाला. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगवेगळ्या नळ्यांतून असल्याने हे जुळे बोगदे आहेत. कोकण रेल्वेचे बोगदे एकेरी रुळाचे.

या कामाच्या बातम्यांत ‘भुयारीकरण’ हा शब्द भरपूर वापरला गेला. तो मला खटकतो. शहरीकरण, विद्युतीकरण यांत आधी असलेल्या गोष्टीचं रूप बदलतं. वर असलेली मार्गिका खाली नेली असती तर भुयारीकरण म्हणणं ठीक होतं. इथे मुळात काही नव्हतंच. ‘बोगदा खणला’, ‘बोगद्याचं खोदकाम पुरं झालं’ हे साधं आणि नेमकं आहे. ‘बोगद्याचे भुयारीकरण’ तर सरळ द्विरुक्ती.

आता तिसऱ्या मुलाचा ‘सुरंग’. हिंदीत सुरंग म्हणजे बोगदा आणि तो शब्द स्त्रीलिंगी. मराठीत सुरुंग पुल्लिंगी आणि त्याचा अर्थ खडकात भोक पाडून ठासलेली स्फोटक दारू. विहीर खणताना वरचा जांभा पहारीने, कुदळीने निघतो. खाली काळवत्री, म्हणजे काळा कठीण दगड, लागला की सुरुंग लावावा लागतो, हे कोकणात पोरासोरांना ठाऊक असतं. गंमत अशी की दोन्ही अर्थ एकाच घरातले आहेत. संस्कृतात ‘सुरुङ्गा’ म्हणजे जमिनीखालची वाटच, अर्थशास्त्रात तो त्याच अर्थाने येतो, आणि ग्रीक भाषेतल्या नळी किंवा बासरी या अर्थाच्या ‘सिरिंक्स’ शब्दापासून तो आला असं अभ्यासक मानतात. हिंदीने वाटेचा अर्थ राखला. मराठीत तो दारूकडे सरकला, आणि त्याचं कारण वेढ्याच्या युद्धात असावं. तटाखाली वाट खणायची, टोकाला दारू ठासायची आणि बुरूज उडवायचा. हे तंत्र वापरणाऱ्यांच्या तोंडी वाट मागे पडली आणि स्फोट उरला.

त्यामुळे मराठीत ‘मेट्रोची सुरंग’ लिहिलं की वाचणाऱ्याला घातपाताचा वास येतो. बरोबर वाक्य हे: ‘करबुड्याचा बोगदा सुरुंग लावून पाडला.’ सुरुंग हे साधन आणि बोगदा हे फळ. सह्याद्रीच्या काळ्या खडकात काम याच क्रमाने चालतं: समोरच्या दर्शनी खडकात ठरावीक नक्षीने भोकं पाडायची, दारू भरायची, उडवायची, धूर जाऊ द्यायचा, छताला लटकलेले सैल दगड पाडून घ्यायचे, राडा उपसायचा, आणि गरज असेल तिथे खडकात खिळे ठोकून सिमेंटचा फवारा मारायचा. मग पुढची फेरी. सैल दगड न पाडता राडा उपसायला माणसं गेली तर अपघात ठरलेलाच. मऊ जमिनीत मात्र सुरुंगाचा काही उपयोग नसतो. पेडण्याच्या बोगद्याने कोकण रेल्वेला सर्वांत जास्त छळलं ते याचमुळे. तिथे खडक नव्हता, पाण्याने भिजलेली माती होती, आणि खणलेला भाग पुन्हा पुन्हा आत यायचा. ऑगस्ट 2020 मध्ये त्याच बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै 2024 मध्ये रुळांवर पाणी आणि चिखल उसळून गाड्या खोळंबल्या. बोगद्याच्या आतल्या काँक्रीटच्या थराला मराठीत ‘अस्तर’ म्हणतात. अंगात घालायच्या कोटाचा हा शब्द इथे अगदी चपखल बसला आहे.

‘भूमिगत’ हा शब्दही वर्तमानपत्रांत चालतो. ‘भूमिगत मेट्रो’ चूक नाही. पण ज्यात माणूस शिरत नाही अशा पुरलेल्या गोष्टींसाठी तो जास्त शोभतो: भूमिगत वीजवाहिन्या, भूमिगत टाकी. शिवाय 1942 पासून ‘भूमिगत होणे’ म्हणजे पोलिसांना चुकवून लपून राहणे, हा अर्थ इतका पक्का झाला आहे की ‘आरेनंतर मेट्रो भूमिगत होते’ असं वाक्य वाचताना मन क्षणभर भलतीकडे जातं. ‘भुयारी मार्ग’ वापरताना आणखी एक सावधगिरी हवी. चर्चगेटच्या किंवा सीएसएमटीच्या पाटीवर भुयारी मार्ग म्हणजे पायी रस्ता ओलांडण्याची वाट. मेट्रोसाठी ‘भुयारी मार्गिका’ किंवा ‘भुयारी मेट्रो’ लिहावं.

‘भुयारी मेट्रो’ यात द्विरुक्ती आहे का, अशी शंका कुणी काढेल. नाही. मेट्रो या शब्दात जमिनीचा काही संबंध नाही. लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे 10 जानेवारी 1863 ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावू लागली, वाफेच्या इंजिनावर, रस्ता उकरून पुन्हा झाकलेल्या मार्गातून. त्याच वर्षी इकडे बोरघाटातली रेल्वे बोगद्यांतून खंडाळ्याला चढली. ‘मेट्रो’ हा शब्द महानगराच्या त्या नावातून आणि पुढे पॅरिसच्या रेल्वेच्या नावातून जगभर गेला. मुंबईची पहिली मेट्रो, 2014 ची वर्सोवा-घाटकोपर, तर पूर्णपणे खांबांवरून धावते. 1984 मध्ये कोलकात्याची मेट्रो सुरू झाली तेव्हा बंगालीने तिला ‘पाताल रेल’ म्हटलं. फार सुरेख नाव आहे ते. मराठीत मात्र पाताळ म्हटलं की पाताळयंत्री आठवतो, आणि ‘भुयारी’ हाताशी होताच.

लिहिताना लक्षात ठेवायच्या बारीक गोष्टी: बोगदा पुल्लिंगी, अनेकवचन बोगदे, सामान्यरूप बोगद्या-. अनेक असतील तर ‘91 बोगद्यांतून’ असा अनुस्वार द्यायचा, एकच असेल तर ‘बोगद्यातून’. भुयार नपुंसकलिंगी, ‘ते भुयार’, ‘भुयारात’. ‘भुयारी’ हे विशेषण बदलत नाही: भुयारी मार्गिकेत, भुयारी स्थानकांवर.

भित्तिपत्रकावर असं लिहिता येईल: ‘मेट्रो-3 ही मुंबईची पहिली भुयारी मार्गिका. तिच्या 27 स्थानकांपैकी 26 भुयारी आहेत. स्थानकांना जोडणारे जुळे बोगदे 17 यंत्रांनी खणले.’ आणि खाली कोकण रेल्वेची चौकट करणार असाल तर: ‘आपल्या रेल्वेवर 91 बोगदे आहेत. सर्वांत लांब करबुड्याचा, साडेसहा किलोमीटर.’ ‘सुरंग’ लिहिणाऱ्या मुलाला याच चौकटीत जागा द्या, तो बोगदा कसा पाडला हे सांगायला.