त्रास लगेच, गुण मात्र नाही

"मॅडम, गोळीनं त्रास दुसऱ्याच दिवशी दिला, गुण काय आला न्हाई. म्हंजे ही गोळी मला सोसत न्हाई, असंच ना?" या पावसाळ्यात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की कुणी 'गोळी' म्हटलं की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं.

हे गृहस्थ कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवतात. घर नदीकाठच्या सखल गल्लीत. २०१९ च्या पुरात तळमजला बुडाला. तेव्हापासून पाऊस लागला की रात्रभर मोबाइलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसायचे. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. यांची छाती तिसाव्या फुटालाच धडधडायला लागायची. मनोविकारतज्ज्ञांनी सेरोटोनिन, म्हणजे पेशींना निरोप पोचवणारं एक रसायन, वाढवणारी गोळी दिली. मळमळ, अस्वस्थपणा सुरू झाला आणि पाचव्या दिवशी यांनी ती परस्पर बंद केली. मेव्हण्याची अल्प्राझोलम, म्हणजे चिंतेवरची झटपट गोळी, अर्धी घेतली, तासाभरात शांत. "हीच खरी गोळी!"

मी विचारांवर काम करणारी बाई, गोळ्यांची वकिली माझ्याकडे नाही. पण 'सोसत नाही' हासुद्धा एक विचारच, आणि तो तपासल्याशिवाय मी सोडत नाही.

त्यांना सांगितलं, सेरोटोनिन एकच असलं तरी ते ज्यांच्यावर जाऊन बसतं त्या ग्राहकांच्या, म्हणजे रिसेप्टरच्या, चौदा जाती आहेत. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तर आतड्यात असतं. तिथल्या तिसऱ्या गटातल्या ग्राहकांना ते जास्त मिळालं की पोट ढवळतं, तेही पहिल्याच आठवड्यात. मेंदूत '१ए' जातीचे काही ग्राहक सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवरच पहारा देतात. वाढ दिसली की ते पेशीला आवर घालतात. हा पहारा सैल पडायला काही आठवडे जातात. गुण उशिरा येण्याचं हे एक कारण मानलं जातं.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे नदी चढली की पाणी आधी आमच्या गल्लीत शिरतंय, वरच्या पेठेत पत्ताबी नसतो. पाणी तेच."

रसायन म्हणजे किल्ली, ग्राहक म्हणजे कुलूप, हा दाखला मी वर्षानुवर्षं देत आले. त्या दिवशी तो सोडला. आणि खरं सांगते, नवा दाखला त्यांच्याच तोंडून यावा म्हणूनच मी गप्प बसले होते. एवढं श्रेय घेते.

अल्प्राझोलमचं मात्र स्पष्ट बोलले. गाबा म्हणजे मेंदूला शांत करणारं रसायन; ही गोळी त्याच्या ग्राहकांना जोर देते. त्यांतल्या एका जातीमुळे भीती ओसरते, दुसरीमुळे झोप येते, आणि ही गोळी दोन्ही जातींना एकदमच जोर देते. लेथवर डुलकी लागली तर? शिवाय तिची सवय लागते. सेरोटोनिनच्या गोळीची तशी चटक लागत नाही, तरी बरेच दिवस घेतलेली एकदम सोडली तर चक्कर येते, झिणझिण्या येतात. म्हणून सुरू-बंद डॉक्टरांना विचारूनच. बेचैनी फार वाढली किंवा जीव नकोसा वाटला, तर त्याच दिवशी त्यांना गाठायचं.

ते परत गेले. डॉक्टरांनी कमी डोसपासून, जेवणानंतर घ्यायला सांगितलं. पातळी बघण्याची वेळ आम्ही दोघांनी ठरवली: दिवसातून दोनदाच.

सहाव्या आठवड्यात आले. "काल ३४ फूट होतं, मॅडम."

"कधी बघितलंत?"

"सकाळी. च्या पिताना."