मायक्रोलेन्सिंगचं शिखर होऊन गेलंय, तारा फिका पडत चाललाय. आता किती दिवसांनी मोजावं आणि कधी थांबावं?

इतक्यात थांबू नका, एवढं आधी सांगतो. मायक्रोलेन्सिंग म्हणजे दूरच्या ताऱ्यासमोरून दुसरी एखादी वस्तू सरकते, तिचं गुरुत्व भिंगाचं काम करतं आणि ताऱ्याचं तेज काही काळ वाढून उतरतं. शिखर उतरलं की दुर्बीण दुसरीकडे वळवणाऱ्यांची मला जुनी चीड आहे.

आमच्या निरीक्षकांच्या गटात एक ज्येष्ठ होते. अशीच एक घटना रंगात आलेली, शिखराच्या रात्री जो तो तिच्याच मागे. तेज उतरायला लागलं तसे हे म्हणाले, "झालं! उतार म्हणजे चढाचा आरसा. पाचिन्स्कीचं सूत्र घाला आणि मोकळे व्हा." (अशा घटनेत तेज कसं चढतं-उतरतं ते सांगणारं हे सूत्र.) मंडळी लगेच एका धूमकेतूकडे वळली. मी हट्टाने मोजत राहिलो. तारा उतरत होता, पण चढावरून काढलेल्या वक्रापेक्षा जरा रेंगाळत. फरक मॅग्निट्यूडच्या, म्हणजे तेजाच्या मापाच्या, काही शतांशांचा. ज्येष्ठ म्हणाले, "ज्याच्याशी तेज ताडतोस तो तुलनेचा ताराच चल, म्हणजे तेज बदलणारा, असेल." तुलनेचे तारे बदलले, फरक जागच्या जागी. "मग शेजाऱ्याचा प्रकाश येत असेल." ही शंका मात्र रास्त होती. हवा अस्थिर असली की ताऱ्यांच्या प्रतिमा फुगतात, अगदी लगतचा तारा अॅपर्चरमध्ये, म्हणजे तेज मोजायच्या वर्तुळात, शिरतो आणि आपला तारा उगाच तेजस्वी भरतो. म्हणून फक्त स्थिर हवेच्या रात्रींचे बिंदू वेगळे मांडले. वक्र तरीही रेंगाळलेलाच. त्यावर ज्येष्ठांनी विषय बदलला.

बघणारा सरळ रेषेत, एकाच वेगाने जात असेल तरच तो आरसा खरा. आपण तर सूर्याभोवती फिरतोय. घटना काही महिने चालली की दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत आणि भिंगाच्या वस्तुमानाचा धागा त्या तिरकेपणातच सापडतो. ओगल-2011-बीएलजी-0462 या मायक्रोलेन्सिंग घटनेचं शिखर जुलै 2011 मधलं. हबल अवकाश दुर्बिणीने तिच्याकडे बघायला सुरुवात केली ती ऑगस्टमध्ये, म्हणजे शिखरानंतर, आणि 2017 पर्यंत बघत राहिली. ते मोजमाप ताऱ्याच्या जागेचं होतं, तेजाचं नव्हे. पण जमिनीवरून मिळालेला प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, त्याला जोडला तेव्हाच भिंग ठरलेल्या, एकट्या भटकणाऱ्या कृष्णविवराचं वजन निघालं. आता म्हणा, उतारात काय ठेवलंय!

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर उतारावर रात्री एकदा पुरे. शेपटीत, म्हणजे तेज मूळ पातळीजवळ आल्यावर, तीन-चार दिवसांनी एकदा, पण त्या रात्री पाच-सहा एक्स्पोजर घेऊन मध्यक काढा. फिल्टर आणि तुलनेचे तारे शेवटपर्यंत तेच. भिंग ताऱ्यापासून एका आइन्स्टाइन त्रिज्येवर (भिंगाच्या प्रभावाचं आकाशातलं माप) असताना तेज मूळच्या 1.34 पट असतं, दोन त्रिज्यांवर जेमतेम 6 टक्के जास्त, तीनवर 2 टक्क्यांच्याही आत. ही वाढ तुमच्या त्रुटीत बुडाली तरी आणखी काही रात्री घ्या. मूळ पातळी पक्की नसेल तर शेजाऱ्याचा प्रकाश वेगळा काढता येत नाही आणि घटना आहे त्यापेक्षा छोटी, बुटकी ठरते. मध्येच सूर्य आडवा आला तर तारा पहाटे परत दिसू लागल्यावर पुन्हा सुरू करा.

हं, घटना आठ-दहा दिवसांत आटोपणारी असेल तर पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याचा परिणाम तुम्हाला दिसणार नाही. आणि तारा मूळचाच 18-19 मॅग्निट्यूडचा, म्हणजे फारच फिका, असेल तर छोट्या दुर्बिणीने शेपटीमागे लागू नका. त्या बाबतीत ज्येष्ठांचं बरोबर होतं, पण त्यांनी कारण हे दिलं नव्हतं.